दिवस राहिलेत आणि सांगायला कुणी नाही: कोल्हापुरात उपचार, आसरा आणि बाळाची सोय कशी करायची

“शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली होती?”

समोर येऊन बसलेल्या बाईला पाणी दिलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो. नाव, गाव, तो कोण, हे सगळं नंतर, आणि तिला सांगावंसं वाटलं तरच. गेली चौदा वर्षं मी कोल्हापुरात अशा बायकांसोबत दवाखान्याच्या, वसतिगृहाच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे. दिवस राहिल्याचं लपवताना बाईचे आठवडे जातात आणि आठवडे गेले की एकेक वाट बंद होत जाते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता तारखेआधी दुसरं काही विचारवतच नाही.

म्हणून हे क्रमानं लिहिते आहे. आज काय करायचं, या आठवड्यात काय, पुढच्या महिन्यांत काय. लग्न न झालेली मुलगी, नवरा गेल्यावर दिवस राहिलेली बाई, नवऱ्यानं टाकलेली, जबरदस्तीला बळी पडलेली, किंवा आणखी मूल नको असताना पाळी चुकलेली लग्नाची बाई, यातलं बरंचसं सगळ्यांना लागू पडतं. जिथं फरक पडतो तिथं तसं सांगते.

आधी तारीख

पाळी चुकून आठवडा झाला असेल तर सकाळच्या पहिल्या लघवीवर घरगुती चाचणी करा. पट्टी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, आशाताईंकडे फुकट मिळते. दोन रेघा आल्या की दिवस राहिलेत. एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा करा.

आशाताई आपल्याच गल्लीतली असते, ही भीती मला पुष्कळजणी सांगतात. भीती खोटी नाही. पण सरकारी दवाखान्याला हद्द नसते. करवीरच्या बाईनं गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात जावं, इचलकरंजीच्या मुलीनं कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये यावं, कुणी अडवू शकत नाही. सीपीआर म्हणजे दसरा चौकाजवळचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. महापालिकेचं सावित्रीबाई फुले रुग्णालय आहे, इचलकरंजीत इंदिरा गांधी रुग्णालय आहे. चंदगडहून कोल्हापूर शंभराहून जास्त किलोमीटर, म्हणून तिकडच्या बायका बेळगावला जातात. गर्भपाताचा कायदा दोन्ही राज्यांत एकच आहे, त्यामुळे तेही चालतं. फक्त बाळंतपण तिकडे झालं तर जन्मदाखला तिकडचाच निघेल, एवढं लक्षात ठेवा.

आता आठवडे कसे मोजायचे. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. संबंध आला त्या दिवसापासून मोजलं तर साधारण दोन आठवडे कमी भरतात, आणि हे दोन आठवडे कधीकधी फार महाग पडतात. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात काम करणारी मुलगी माझ्याकडे “दीड महिना झाला असेल” म्हणत आली होती. सोनोग्राफीत सतरा आठवडे निघाले. मधे दोनदा थोडं डाग गेलं होतं, त्यालाच ती पाळी समजली होती. म्हणून अंदाजावर राहू नका, सोनोग्राफी करून घ्या. गर्भ पिशवीतच आहे की नळीत अडकलाय, हेही त्यातच कळतं. पोटात एका बाजूला जोराची कळ आणि त्यासोबत चक्कर आली, तर उद्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा. नळीतला गर्भ फुटला तर जिवावर बेततं.

सोनोग्राफीच्या वेळी फॉर्म भरून घेतात आणि ओळखपत्र मागतात. ते लिंगनिदान रोखण्याच्या १९९४ च्या कायद्यासाठी असतं. लग्नाचा दाखला त्यात कुठंच लागत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. कुणाच्या तरी ओळखीनं मेडिकलमधून गोळ्या आणून घेऊ नका. गोळ्यांनी गर्भपात होतो, तो कायद्यातही बसतो, पण नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली. तारीख चुकली असेल, गर्भ नळीत असेल किंवा अर्धवट पडला, तर त्या गोळ्यांनी जीव जाऊ शकतो. आधीच घेतल्या असतील तर डॉक्टरला खरं सांगा, कारण पुढचे उपचार त्यावर ठरतात. सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजले, ताप आला किंवा घाण वास येऊ लागला, तर थेट दवाखाना गाठा.

मग एक माणूस

हे ओझं एकटीनं उचलायचं नाही. एक माणूस निवडा. आईच असायला हवी असं नाही. मावशी, वहिनी, मैत्रीण, कामावरची मुकादमीण, कुणीही. निवडताना एवढंच बघा की आधी कुणाचं गुपित तिनं पोटात ठेवलंय का.

असं कुणीच नसेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट लागतो. मारहाण होतेय, घरातून हाकललंय, जिवाची धमकी आहे, तर ११२. वकिलाचा सल्ला हवा असेल तर १५१००. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नसते, हे पुष्कळ बायकांना माहीतच नसतं. रात्री झोप लागत नाही, जीव द्यावासा वाटतो, असं होत असेल तर १४४१६ वर मानसिक आरोग्याचे समुपदेशक बोलतात. हे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करू नका, घरातली माणसं मोबाइल बघतात. चिठ्ठीवर लिहून पर्सच्या अस्तरात ठेवा.

जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर याच कामासाठी आहे. एकाच छपराखाली समुपदेशन, दवाखान्याची सोय, पोलीस मदत, वकील आणि साधारण पाच दिवसांचा तात्पुरता निवारा. १८१ वाले तिथं जोडून देतात, थेट गेलात तरी चालतं.

गुप्ततेबद्दल लोक मला परत परत विचारतात, म्हणून इथं जरा थांबते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दिवस राहिलेल्या विधवेनं गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी ती सोय होती. तिथंच बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. त्या दोघांना तेव्हाच उमगलं होतं की बाईची अब्रू सांभाळली तरच ती मदतीला येईल, नाहीतर विहीर जवळ करेल. आजच्या कायद्यानं तीच गोष्ट डॉक्टरवर बंधनकारक केली आहे. गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव आणि ओळख कायद्यानं परवानगी असलेल्या व्यक्तीखेरीज कुणाला सांगितली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गर्भपात हवा असेल तर

निर्णय तुमचा. आईचा, भावाचा, त्याचा, माझाही नाही. माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी सगळ्या वाटा सांगते आणि एक रात्र विचार करायला सांगते. पण आठवडे काठावर आले असतील तर रात्रही मोठी असते.

कायदा १९७१ चा, त्यात २०२१ साली मोठी दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं हे कारण पूर्वी फक्त विवाहित जोडप्यासाठी होतं; आता “स्त्री किंवा तिचा जोडीदार” असे शब्द आहेत, म्हणजे लग्न झालेलं असण्याची अट गेली. वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोन डॉक्टर लागतात आणि काही ठरावीक परिस्थितीतल्या बायकांनाच ही मुभा आहे: बलात्कार किंवा घरातल्याच माणसाकडून अत्याचार, वय अठराखाली, अपंगत्व, मानसिक आजार, गर्भात गंभीर व्यंग, आणि दिवस राहिल्यानंतर नवरा वारणं किंवा घटस्फोट होणं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की या मुभेतून लग्न न झालेल्या बाईला वगळता येणार नाही. नवऱ्यानं केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारात धरायची, असंही त्याच निकालात आहे.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, बापाची नाही. तरीही काही ठिकाणी “घरच्यांना घेऊन या” म्हणतात. अशा वेळी भांडायच्या आधी शांतपणे विचारा: “कायद्यात माझ्याच संमतीचा फॉर्म आहे ना? नाही म्हणत असाल तर लेखी द्या.” लेखी मागितलं की बहुतेक वेळा सूर बदलतो. नाही बदलला तर सखी केंद्राला फोन करा. सज्ञान बाई स्वखुशीच्या संबंधातून गरोदर असेल तर पोलिसांना कळवण्याचंही कारण नाही.

खासगी दवाखान्यात गेलात तर गर्भपात केंद्राची मान्यता असल्याचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं आहे का ते बघा. ते नसेल, किंवा “रात्री या, पावती मिळणार नाही” असं सांगितलं, तर तिथून निघा.

चोवीस आठवडे उलटल्यावर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय देतं. बाईचा जीव वाचवायला ताबडतोब करावा लागला तर गोष्ट वेगळी, पण बाकीच्या कारणांसाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. आधी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, त्यात सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गही येतात. एकेक दिवस मोलाचा असताना मुंबईची ये-जा वाचते, हे किती मोठं आहे ते त्या बाईलाच विचारा.

हे सगळं बाईच्या इच्छेनं. तिच्या मनाविरुद्ध कुणी गोळी खाऊ घातली किंवा दवाखान्यात नेऊन गर्भ पाडला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली तो फार गंभीर गुन्हा आहे. “पिशवी साफ करून आणतो” म्हणत भावानं जबरदस्तीनं नेलेल्या मुली मी पाहिल्यात. तिथं ११२.

वय अठराखाली असेल तर

इथं नियम वेगळे आहेत. मुलीचं लग्न झालेलं असलं, तिची संमती होती असं ती म्हणत असली, तरी पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो. डॉक्टरला कळवावंच लागतं. याला घाबरून कित्येक आया मुलीला भोंदूकडे नेतात. तसं करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्याच निकालानुसार, मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर कळवताना डॉक्टरला तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. उपचार आधी मिळाले पाहिजेत आणि ते फुकट मिळाले पाहिजेत, दवाखाना सरकारी असो वा खासगी. जबाब महिला अधिकारी घेते, गणवेश न घालता, मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या ठिकाणी. रात्री तिला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. अत्याचार घरातल्याच कुणी केला असेल तर मुलीला त्या घरात ठेवायचं नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाल कल्याण समिती तिच्या निवाऱ्याचा निर्णय घेते. अत्याचारग्रस्तांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे; तो अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

आसरा

काहीजणींची वेळ निघून गेलेली असते. काहींना बाळ हवंच असतं. पण घरात राहता येत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर पोट दिसू लागतं, साडीत झाकलं तरी शेजारणीची नजर चुकत नाही. तोवर राहण्याची सोय लावलेली असावी. नवव्या महिन्यात कळा सुरू असताना एसटी स्टँडवर उतरलेली बाई मी घेऊन हिंडलेय, आणि ते पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पहिला टप्पा सखी केंद्राचा, चार-पाच दिवसांचा. तिथं असतानाच पुढची सोय ठरवायची. लांबच्या मुक्कामासाठी महिला व बालविकास विभागाची शासकीय महिला वसतिगृहं आहेत. अठरा वर्षांवरच्या निराधार, परित्यक्ता, अत्याचारग्रस्त आणि कुमारी मातांना तिथं ठेवून घेतात. केंद्राच्या मिशन शक्ती योजनेतली शक्ती सदनं आहेत. पूर्वी स्वाधारगृह म्हणायचे, तीच. त्या-त्या वेळी कुठं जागा आहे हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात कळतं. कोल्हापुरातच राहायला हवं असंही नाही. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पुष्कळजणी सांगली किंवा साताऱ्याकडची जागा मागतात, आणि तसं मागणं रास्त आहे. विवाहित बाईला नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं दिलाय. तिला घर सोडायचंच नसेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडे जावं.

जागा मिळाली असं फोनवर कळलं तरी निघायच्या आधी काही गोष्टी विचारून घ्या. मी हे अनुभवानं शिकले. एका वसतिगृहानं आधी हो म्हटलं आणि दारात गेल्यावर आठवा महिना बघून परत पाठवलं. आम्ही त्या रात्री एका कार्यकर्तीच्या स्वयंपाकघरात झोपलो. तेव्हापासून मी हे विचारते:

- गरोदर बाई घेता का, आणि कितव्या महिन्यापर्यंत?
- बाळंतपणाला कुठल्या दवाखान्यात नेता? रात्री कळा आल्या तर सोबत कोण असतं?
- बाळंत झाल्यावर बाळासह परत ठेवून घेता का, आणि किती महिने?
- फोन जवळ ठेवता येतो का? भेटायला कोण येऊ शकतं, आणि मला नको असलेल्या माणसाला अडवता का?
- पैसे लागतात का?
- बाळ ठेवायचं की द्यायचं, याचा निर्णय माझ्यावर सोडता का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर मी ती जागा सोडून देते. आणि जिथं “सगळा खर्च आम्ही करू, बाळ आम्हाला द्या” असं सांगतात तिथून त्याच पावली मागं फिरा. तो आसरा नसतो, बाळाचा सौदा असतो. बाळ विकणं किंवा विकत घेणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड आहे, आणि पकडलं जाताना दलाल पळतो, आई सापडते.

सोबत न्यायचं सामान फार नसतं. आधार कार्ड असेल तर घ्या, नसेल तर अडून बसू नका, अडचणीतल्या बाईला कागदावाचून परत पाठवायचं नसतं. सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, दोन सैल गाऊन, शाल, मऊ सुती साड्या. जुनी सुती साडी नक्की घ्या. बाळाला गुंडाळायला तिच्यासारखं काही नाही.

घरी काय सांगायचं हेही तुम्हीच ठरवा. कुणी कोर्सचं सांगतं, कुणी पुण्याच्या नोकरीचं. मी त्यात नीती शिकवायला जात नाही. एवढंच म्हणते की घरातल्या एका माणसाला तरी खरा पत्ता असू द्या.

विधवांबद्दल एक गोष्ट मनात सलते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आपल्या जिल्ह्याची मान उंचावली. शाहू महाराजांनी तर शंभर वर्षांपूर्वी विधवाविवाहाला कायद्याचं पाठबळ दिलं होतं. तरी नवरा गेल्यावर दिवस राहिलेली बाई आजही माझ्याकडे अंधार पडल्यावरच येते. तिच्याशी बोलताना “कसं झालं” हा प्रश्न विचारू नका.

नऊ महिने

आसरा मिळाला की शरीराकडे लक्ष. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड काढा. रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, साखर, लघवी या तपासण्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन फुकट असतं. लोहाच्या गोळ्या जेवणानंतर, चहासोबत कधीच नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास तपासणी असते, ती चुकवू नका. अंगणवाडीत नाव घातलं तर पोषण आहार मिळतो.

डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी निघा. १०२ ची गाडी गरोदर बाईसाठी फुकट येते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, रक्त, घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे, २०११ पासून.

“नवऱ्याचं नाव?” खिडकीवरचा माणूस मोठ्यानं विचारतो आणि रांगेतल्या माना वळतात. एकदा अशा खिडकीवरून एक मुलगी पळून जाता जाता मी हाताला धरून थांबवली. आता मी बायकांना उत्तर घरूनच पाठ करायला लावते: “मी एकटी आहे. माझं नाव लिहा.” दोनच वाक्यं, आवाज न वाढवता. नवऱ्याचं नाव नाही म्हणून बाळंतपण नाकारता येत नाही. खोटं नाव मात्र सांगू नका. एकदा केसपेपरवर गेलं की जन्मदाखल्यापर्यंत जातं आणि मग ते पुसता पुसत नाही.

बाळ ठेवायचं असेल तर

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. ६ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की एकट्या आईनं प्रतिज्ञापत्र दिलं तर बापाचं नाव न विचारता जन्मदाखला द्यायचा. पालकत्वासाठी बापाला नोटीस पाठवण्याचीही सक्ती नाही. लग्नाबाहेरच्या बाळाची नैसर्गिक पालक हिंदू कायद्यानं आधी आईच. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आलंच पाहिजे, असा निर्णय आहे. त्यामुळे बाळाच्या नावापुढं तुमचं नाव लागणं आता जगावेगळं राहिलेलं नाही.

पैशांचं बघू. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात आणि त्यासाठी नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही. एकट्या पालकाच्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये, त्याचा अर्ज बाल कल्याण समितीच्या मार्फत. कारखान्यात किंवा दुकानात दहा आणि जास्त कामगार असतील आणि आधीच्या वर्षात ८० दिवस काम झालं असेल, तर पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची. कायद्यात लग्नाची अट नाही. गर्भपात झाला तरी सहा आठवड्यांची रजा आहे, हे शिरोलीच्या एमआयडीसीतल्या बायकांना मी दरवेळी सांगते, आणि दरवेळी त्यांना ते नवीन असतं.

आणि तो? त्याला सुटका नाही. बाळ लग्नाबाहेरचं असलं तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली बापाकडून बाळाची पोटगी मागता येते. तो नाकारत असेल तर डीएनए तपासणीसाठी कोर्टात अर्ज करता येतो. लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवले असतील तर न्याय संहितेचं कलम ६९ आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं. तक्रार करायची की नाही हे बाळंतपणाच्या गडबडीत ठरवू नका. त्याचे मेसेज, फोटो, पैसे पाठवल्याच्या नोंदी मात्र आत्ताच कुणा विश्वासू माणसाकडे ठेवून द्या.

बाळ द्यायचं असेल तर

देणारी आई दगडाची असते असं बोलणाऱ्यांनी एकदा बाल कल्याण समितीच्या खोलीबाहेर बसून बघावं.

रस्ता एकच आहे आणि तो कायदेशीर आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार आई बाळाला घेऊन समितीपुढं जाते. समिती तिच्याशी बोलते, बाळ ठेवण्यासाठी काय मदत होऊ शकते हे सांगते, आणि तरीही तिचा निर्णय तोच असेल तर समर्पणपत्रावर सही घेते. कुमारी मातेच्या बाबतीत हे शक्यतो महिला सदस्यासमोर होतं. लग्नाच्या जोडप्याचं बाळ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. तिथून बाळ शिशुगृहात जातं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं बालकल्याण संकुल अनाथ आणि निराधार मुलांना सांभाळण्याचं काम कित्येक दशकं करतंय.

सही केली म्हणजे संपलं असं नाही. पुढचे दोन महिने, ६० दिवस, आईला निर्णय बदलता येतो. ही तारीख कागदावर लिहून घ्या. मी सोबत असते तेव्हा चाळिसाव्या दिवशी फोन करून विचारते, कारण पहिले पंधरा दिवस डोकं ठिकाणावर नसतं आणि साठावा दिवस येतो कधी ते कळत नाही. त्यानंतर समिती बाळाला दत्तकासाठी मुक्त जाहीर करते, आणि केंद्रीय दत्तक यंत्रणेच्या यादीतल्या पालकांना ते क्रमानं मिळतं. दत्तकाचा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. आईचं नाव गोपनीय राहतं. मोठं झाल्यावर मुलानं शोध घेतला आणि आईनं नाव उघड करू नये असं नोंदवलेलं असेल, तर तिच्या लेखी संमतीशिवाय ते सांगत नाहीत.

शेजारच्या मूल नसलेल्या जोडप्याला, नर्सच्या ओळखीच्यांना, स्टॅम्पपेपरवर लिहून बाळ देऊ नका. तो कागद कायद्यापुढं टिकत नाही. आणि समितीपर्यंत पोचायचं धाडसच होत नसेल तर बाळाला मंदिराच्या ओट्यावर, उसाच्या फडाकडेला ठेवू नका. शिशुगृहांच्या दाराशी पाळणा असतो, त्यात ठेवा. परिस्थितीपुढं हतबल झालेल्या आईला शिक्षा करायची नाही, असं बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्येच लिहिलेलं आहे.

बाळ दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते. याबद्दल आधी कुणी सांगत नाही आणि बाई रात्रभर तळमळते. घट्ट बसणारी ब्रेसियर घाला, थंड पाण्याची घडी ठेवा, फार ठणकलं तर थोडंसंच दूध काढा, सगळं काढलं तर आणखी येतं. लाल गाठ आणि ताप आला तर डॉक्टर.

नंतर

बाळ ठेवलेलं असो, दिलेलं असो, की गर्भपात केलेला असो, शरीर सावरायला वेळ लागतो. पुन्हा दिवस राहू नयेत याची सोय दवाखान्यातून निघायच्या आधीच विचारून घ्या. तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईलाही छाया चालते. रडू येतं, ते येऊ द्या. दोन आठवडे उलटले तरी थांबत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, जेवण जात नसेल, तर त्याला औषध आहे आणि ते सीपीआरच्या मानसोपचार विभागात मिळतं.

बाळंतपणानंतर बेचाळिसाव्या दिवशी एक तपासणी असते. बहुतेकजणी ती चुकवतात, कारण तोवर सोबतची माणसं पांगलेली असतात आणि पुन्हा त्याच खिडकीपुढं एकटीनं उभं राहायला नको वाटतं. तुम्ही हे अशा कुणा मुलीसाठी, बहिणीसाठी वाचत असाल, तर ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी तिच्यासोबत जा.